वजनकाटा

पहाटे साडेपाचला मी बॅटरीची तार जोडते
आणि रेडिओला आमचं आभाळ सांगते:
खिंड बंद. नदीच्या अंगाला थोडं उजेडलंय.
वारा नाही. गवत ओलं. डुकरं हाकलून झाली.
पलीकडे, किनाऱ्यावरच्या शहरात,
कुणीतरी जांभई देत म्हणतं,
"बरं ओरिना, आठला पुन्हा सांग."

आठलाही खिंड तशीच.
ढग आमच्याकडे पाहुणे म्हणून येत नाहीत.
ते इथलेच. आम्हीच अधूनमधून दिसतो.

धावपट्टी म्हणजे डोंगराची एक तिरकी कूस.
आईच्या पिढीनं ती खणली सात वर्षं,
रताळी लावायच्या त्याच टोकदार काठ्यांनी.
शाळेत मी लिहिलं होतं:
विमान चढावर उतरतं आणि उतारावर चढतं.
गुरुजींनी लाल रेघ मारली. नवे होते.
तीन महिन्यांनी त्याच उतारावरून चढले,
ते अजून उतरायचे आहेत.
फळ्यावर त्यांची शेवटची तारीख आहे,
मुलं ती कुणाला पुसू देत नाहीत.

खोटं बोलणं सोपं आहे. दोनच शब्द: खिंड उघडी.
पण वरच्या कड्यावर एक जुनं विमान पडलंय,
त्याच्या पत्र्याचं झाकण आमच्या भांड्यावर बसतं.
रताळी शिजताना ते थडथडतं
आणि मी दुसऱ्या दिवशी खरं बोलते.

आज साडेनवाला खिंड फाटली.
विमान आलं, मीठ उतरलं, साबण उतरला,
पाद्रीबाबांचे गमबूट, दोन्ही डाव्या पायाचे.
मग शेडमधला काटा बाहेर काढला.
त्याची सुई शून्यावर येत नाही,
एक किलो ती स्वतःजवळ ठेवते.
वैमानिकाला ते ठाऊक आहे, तो वजा करतो.

मोहीचे कांदे आधीच चढले होते, चाळीस किलो,
दोन दिवस चालून आणलेले, नातीच्या फीसाठी.
उरली जागा पन्नास किलोंची.
लेविना पोरीला घेऊन उभी राहिली.
दवाखान्याला कुलूप आहे,
किल्ली नर्सकडे आहे, नर्स शहरात आहे.
येपी सात वर्षांची, ताप नववा दिवस, चौदा किलो.
आई छत्तीस. गेल्या वर्षी दव गोठलं,
वेल काळे पडले, तेव्हापासून छत्तीसच.
आणि कपाळावरून पाठीवर सोडलेली जाळीची पिशवी, पाच.

लेविनानं पिशवीतून एकेक रताळं काढलं.
"तिथं विकत घ्यावी लागतात म्हणे," ती कुणालाच म्हणाली नाही,
नुसतं म्हणाली.
शेवटची दोन तिच्यानं सुटेनात.
सुई एका किलोवर अडली.
वैमानिक तळहातावर पेननं काहीतरी मांडत राहिला,
आम्ही सगळे खिंडीकडे बघत राहिलो,
जसं काही तिथं काम होतं.

मोही उठला. पोत्याचं तोंड सोडलं.
कांदे एकेक करून गवतावर ठेवले, मोठे आधी.
अकरा. मग थांबला, सुईकडे पाहिलं,
आणि एक परत आत टाकला.

विमान उतारावर धावलं, कडेवरून खाली पडलं,
मग दिसलं, लहान.

ते दहा कांदे रात्री आम्ही भाजले.
मोहीनं एकही खाल्ला नाही, धुरात बसला,
म्हणाला, डोळे कांद्यानं नाही, धुरानं.
कुणी काही विचारलंच नव्हतं.

संध्याकाळच्या फेरीत नुसती खरखर.
उद्या साडेपाचला मी तार जोडीन.
येपीचं विचारणार नाही लगेच.
रेडिओचा नियम आहे, आधी आभाळ, मग माणसं.
मी सांगेन: खिंड अशी. वारा असा. गवत ओलं.
आणि बटणावरचा अंगठा उचलून
ऐकत राहीन.